आतल्या स्प्रिंगा

इंजिनातल्या लिफ्टरचा तळ सपाट दिसतो. सपाट नसतो. काचेवर उभा करून टिचकी मारली तर तो किंचित डुलतो, आणि तेवढ्या डुलण्यावरच त्याचं आयुष्य असतं.

*

ज्या धावपट्टीवर विमानं उतरायची कधीच बंद झाली, तिथले पांढरे आकडे कोणीतरी अजून रंगवतं. कोण, ते कोणालाच माहीत नाही.

*

सासूबाईंना हल्ली कानांनी फारसं ऐकू येत नाही. फडताळातल्या ताटल्या थरथरल्या की त्या म्हणतात, आला.

*

पत्र्याचा डबा, एके काळी बिस्किटांचा. झाकणावरच्या बाईचा चेहरा घासून गेलाय, तिच्या हातातला कप मात्र शाबूत आहे. हलवला तर आत काहीतरी जड सरकतं.

*

कोसळणारा माणूस हातातलं सोडत नाही. पाना सोडवायला दोघं लागले.

*

गॅरेज पुढे, घर मागे, मधे एक दार. त्या दाराला घराच्या बाजूने पांढरा रंग होता आणि गॅरेजच्या बाजूने हातांचे काळे ठसे. वहिनी दिवसातून किती वेळा त्या दारातून जायची-यायची याला गणती नव्हती, पण पांढरी बाजू तिने कधी मळू दिली नाही. दार ढकलायला तिचं कोपर असायचं.

तिला सगळे वहिनीच म्हणत. गिऱ्हाइकं, स्पेअर पार्टवाला, लेथवाला, सगळे. नवरा तिला ज्या नावाने हाक मारायचा, ते नाव आता कोणी घेत नव्हतं.

तिचं काम हेडचं. हेड म्हणजे इंजिनाचा वरचा मजला. तिथे व्हॉल्व्ह राहतात, हवा आत घेणारी आणि धूर बाहेर सोडणारी दारं, आणि व्हॉल्व्हना वेळेवर मिटवणाऱ्या स्प्रिंगा. खाली असतो कॅमशाफ्ट, अंगावर उंचवटे असलेला दांडा. तो फिरतो, उंचवटा लिफ्टरला ढकलतो, लिफ्टर व्हॉल्व्ह उघडतो. उघडणं कॅमच्या अंगावर, बंद करणं स्प्रिंगच्या. आमच्या घरात तसंच आहे, तिचा नवरा गिऱ्हाइकांना सांगायचा, कपाटं मी उघडतो, बंद ही करत येते मागून. ती व्हॉल्व्ह घासता घासता म्हणायची, एकदा उघडंच ठेवते, मग झुरळं मोजत बसा.

नवऱ्याला सगळे थोरला म्हणत आणि त्याच्या भावाला धाकटा. थोरला कॅम निवडायचा, वहिनी हेड बांधायची, धाकटा बाकीचं इंजिन जोडून गाडी पळवायचा. सुट्टीच्या दिवशी बंद धावपट्टीवर शर्यती व्हायच्या, दोन-दोन गाड्या, सरळ रेषेत, या टोकापासून त्या टोकापर्यंत. धाकटा जिंकला की गॅरेजला काम मिळायचं. असा तिघांचा संसार नीट चालला होता.

गेल्या वर्षी थोरला बाकापाशी उभ्या उभ्या कोसळला. घरात चालू स्थितीतली गाडी एकच, आणि ती घेऊन धाकटा धावपट्टीवर गेलेला. फोन कपड्यांच्या पिशवीत, पिशवी कुंपणाला लटकवलेली. वहिनी फोन लावत राहिली. शेवटी समोरच्या भाजीवाल्याने टेम्पो रिकामा केला आणि थोरल्याला गोणपाटावर घालून नेलं. डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं असतं तर कदाचित, पण खात्रीने काही सांगता येत नाही. धाकट्याने त्या वाक्याचा पहिला अर्धाच ऐकला.

तेव्हापासून तो शर्यत लावत नव्हता, त्या दुपारी घरी पोहोचायला बघत होता. दर वेळी. आणि दर वेळी त्याला उशीर होत होता. रेघ ओलांडल्यावरही पेडलवरचा पाय उचलायचा नाही. दोनदा तो गवतात गेला. एकदा कुंपण घेऊन आला, चाकात तार गुंतलेली, आणि हसत म्हणाला, बघ वहिनी, वाटेत काय मिळालं.

मग तो टर्बो घेऊन आला.

*

सासूबाईंनी तिला मोरीपाशी गाठलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं की, एक गेला, आता दुसरा जायच्या तयारीत आहे, आणि त्याची गाडी कोण सजवून देतंय, तर तू. वहिनीने सांगून पाहिलं की मी नाही बांधलं तर तो दुसरीकडून बांधून घेईल आणि ते वाईट बांधतील. सासूबाईंना ते ऐकू गेलं की नाही कोण जाणे. त्या म्हणाल्या, "मला गाडीतलं काही कळत नाही. तुला कळतं. मग तू काहीतरी कर."

एवढंच. पण "तुला कळतं" हे शब्द दिवसभर वहिनीच्या कानात घोळत राहिले.

*

कॅमवाले काका आले ते नेहमीच्या ड्रमवर बसले. ते सासऱ्यांचे मित्र, कॅम घासण्यात आयुष्य गेलेलं, भुवयांत कायम सहाणेची धूळ. वहिनीला ते सूनबाई म्हणत. त्यांनी फडक्यात गुंडाळलेले दोन कॅम आणले होते आणि दोन्ही बाकावर शेजारी शेजारी ठेवले.

धाकट्याने भडक कॅम उचलला. मोठे, रुंद उंचवटे. असल्या कॅमने इंजिन जागेवर उभं असतानासुद्धा गुरगुरतं, सगळं धावपट्टीचं टोक मान वळवून बघतं. काकांनी तो त्याच्या हातातून काढून घेतला आणि त्याला समजावलं. टर्बो म्हणजे हवा आत कोंबणारं यंत्र. भडक कॅममध्ये आत घेणारा आणि बाहेर सोडणारा, दोन्ही व्हॉल्व्ह बराच वेळ एकदम उघडे राहतात. पुढच्या दाराने पाहुणा आला आणि मागच्या दाराने तसाच निघून गेला, तर चहा कोणी प्यायचा? टर्बोला सौम्य कॅम लागतो. इंजिन उभं असताना गरीब गाईसारखं वाटेल, पण दम भरला की कळेल.

धाकटा म्हणाला की गाईवर बसून शर्यतीला गेलो तर लोक काय म्हणतील. काका म्हणाले, तसंही लोक तुला बैलच म्हणतात, तेव्हा जोडी जमेल. खूप दिवसांनी गॅरेजमध्ये कोणीतरी हसलं. वहिनीच ती.

"वहिनी म्हणेल तो," धाकटा शेवटी म्हणाला.

ती म्हणाली, सौम्य. ते खरोखरच बरोबर होतं. त्या दिवशी तिने जे जे ठरवलं त्यातलं एवढंच पूर्णपणे सरळ होतं.

स्प्रिंगांबद्दल काकांनी दुहेरी सांगितल्या. बाहेर एक जाड, तिच्या पोटात दुसरी बारीक, आणि दोन्ही कडक. का, तेही त्यांनी बोट रोखून सांगितलं. साध्या इंजिनात बंद व्हॉल्व्हच्या मागे काही नसतं. टर्बोच्या इंजिनात त्याच्या पाठीशी दाबलेली हवा उभी असते, बंद दाराला बाहेरून खांदा लावून उभ्या असलेल्या माणसासारखी. कडी कच्ची असली की दार उघडलंच म्हणून समज. जेवढा बूस्ट, म्हणजे जेवढा हवेचा दाब, तेवढी स्प्रिंग हातातून गेली असं धरूनच चालायचं.

वहिनीने मान हलवली. तिला समजलं होतं.

*

लिफ्टर तिने साध्या तळाचे निवडले. का, ते असं:

साधे लिफ्टर तिच्या हातातले होते. चाक असलेले रोलर लिफ्टर चांगले, टिकाऊ, पण त्यांच्यासाठी ब्लॉकमध्ये खोदकाम करावं लागतं, आणि थोरल्याने हयातभर साधेच वापरले. ओळखीचं काम ओळखीच्या हातांनी करावं.

किंवा असं:

साध्या लिफ्टरना अंगवळण लागतं. नवा कॅम आणि नवे लिफ्टर सुरुवातीला एकमेकांना घासून घासून जमवून घेतात. त्या वेळात वरून स्प्रिंगांचा पूर्ण भार पडला तर उंचवटे सपाट होतात, कॅम गेला. म्हणून त्या पहिल्या वेळेपुरत्या आतल्या बारीक स्प्रिंगा काढून ठेवायच्या, एकेरी स्प्रिंगेवर इंजिन फिरवायचं, आणि मग त्या परत बसवायच्या. रोलर लिफ्टरना यातलं काही लागत नाही. आतल्या स्प्रिंगा काढायला कारण लागतं, आणि ते कारण साधे लिफ्टर देतात.

किंवा असं, आणि हे तिने स्वतःलासुद्धा कधी पूर्ण वाक्यात सांगितलं नाही:

धाकटा फोन उचलत नव्हता. ती बाकाखाली बसली होती, थोरल्याचं डोकं मांडीवर, आणि फोन नुसता वाजत होता. त्या दुपारपासून धाकट्याच्या ताटात ती पहिल्यासारखंच वाढत होती, त्याचे कपडे धुवायला घेत होती, आणि कुठेतरी, अगदी खाली, तिला वाटत होतं की याला कोणीतरी एकदा थांबवायला हवं. त्याच्या भल्यासाठी, हे त्यापुढचं नंतर जोडलेलं.

*

आता त्या डब्याचं.

ती या गॅरेजची एक जुनी रीत होती आणि ती फक्त नवरा-बायकोला माहीत होती. एखादा पोरगा नवं इंजिन बांधून घ्यायला आला आणि त्याच्या डोळ्यांतच रस्त्याचा शेवट दिसत असला, की थोरला अंगवळण झाल्यावर त्याच्या आतल्या स्प्रिंगा परत बसवायचाच नाही. बिस्किटांच्या डब्यात टाकायचा. एकेरी स्प्रिंगेवर इंजिन एका मर्यादेपर्यंत छान पळतं. त्यावर गेलं की व्हॉल्व्ह वेळेत मिटत नाहीत, नुसते फडफडतात, आणि ताकद एकदम पडते. इंजिनच पोराचा कान धरतं. मोडत काही नाही, कारण पिस्टनच्या माथ्यावर व्हॉल्व्हसाठी खोलगट जागा थोरला मुद्दाम जास्तीची सोडायचा. पोरगा पाय उचलतो, घरी जातो, जेवतो. काही महिन्यांनी, जरा शहाणा झाला की, तो तक्रार घेऊन येतो. थोरला गंभीर चेहऱ्याने म्हणायचा, ठेवून जा, बघतो. त्याच्या स्प्रिंगा त्याला परत द्यायचा. पोरगा सगळ्या गावाला सांगत सुटायचा की, याच्या हातात जादू आहे.

त्यावर दोघं स्वयंपाकघरात तोंड दाबून हसायचे. सासूबाई विचारायच्या, काय झालं, आणि दोघं म्हणायचे, काही नाही.

धाकट्याला ही रीत माहीत नव्हती. एकदा, फार पूर्वी, त्याच्याच स्प्रिंगा वर्षभर त्या डब्यात होत्या.

*

अंगवळणाच्या दिवशी इंजिन सुरू झालं आणि आता ते थांबवायचं नव्हतं, मंदसुद्धा होऊ द्यायचं नव्हतं, कारण मंद इंजिनात कॅमवर तेल नीट उडत नाही, म्हणून धाकट्याने पेडल तसंच दाबून धरलं आणि वहिनी टॉर्च घेऊन आठही लिफ्टरांच्या वरचे दांडे बघत राहिली, सगळे फिरतायत ना, कारण जो दांडा फिरत नाही त्याच्याखालचा लिफ्टर फिरत नाही आणि जो लिफ्टर फिरत नाही तो कॅमला खातो, आणि सगळे फिरत होते, हळू, एका लयीत, आणि गॅरेज धुराने भरलं, आणि मागे ताटल्या थरथरत असणार, आणि दारात सासूबाई येऊन उभ्या राहिल्या, पदर नाकाला, आणि धाकटा ओरडून काहीतरी विचारत होता जे तिला ऐकू आलं नाही पण ओठांवरून कळलं, कसं वाटतंय, आणि तिने अंगठा वर केला, आणि त्याचा चेहरा क्षणभर अगदी थोरल्यासारखा दिसला, आनंदाने जरा मूर्ख झालेला, आणि तिला वाटलं, हे असंच चालू राहावं, कोणी पाय उचलू नये, कोणी पुढे काही बसवू नये की काढू नये, आणि तेल गरम झालं, आणि पाणी गरम झालं, आणि तिने हात आडवा केला आणि त्याने किल्ली फिरवली.

शांतता झाली. इंजिन निवताना टिकटिक करत होतं.

*

हेडचं काम तिचं. तिथे तो हात घालत नसे. दुसऱ्या दिवशी तो रेडिएटरच्या नळ्या आवळत होता आणि ती व्हॉल्व्हचं झाकण लावत होती.

"आतल्या बसवल्यास ना?" त्याने सहज विचारलं, मान वर न करता.

"बसवल्या."

"मी काय विचारतोय, तू काय कधी विसरतेस."

"भाऊजी," ती म्हणाली. एरवी ती त्याला अरे-तुरे करायची, भाऊजी फक्त चिडली की. "हात धुऊन घ्या. पानं वाढते."

तिने हिशोब केला होता, हे इथे सांगायला हवं. ती मूर्ख नव्हती. काकांनी सांगितलेली खांदा लावलेली हवा तिने धरली होती. टर्बोचा बूस्ट तिने कमी ठेवला होता, आणि त्या बूस्टला एकेरी बाहेरची स्प्रिंग पुरेशी होती. दाबयंत्रावर तिने आठही पुन्हा पुन्हा तोलून पाहिल्या. शेवटच्या टप्प्यात तेवढे व्हॉल्व्ह फडफडतील. थोरल्याच्या पोरांसारखंच. इंजिन त्याचा कान धरेल, तो पाय उचलेल, घरी येईल.

तिच्या हिशोबात चूक नव्हती.

*

पहिल्या दिवशी तो धावपट्टीच्या टोकाहून परत आला तेव्हा हेल्मेट काढून बराच वेळ बॉनेटकडे बघत राहिला. म्हणाला, मधे राक्षस आहे, वर मात्र जीव नाही. एका जागी येऊन भिंतीला लागल्यासारखं होतं.

ती म्हणाली की नवं आहे, सैल होऊ दे, घाई कशाला.

आणि मग काही आठवडे असे गेले की तिला स्वतःच्या हुशारीची भीती वाटू लागली. तो हरत होता, थोडक्यात, पण रेघेपाशीच पाय उचलत होता. उचलावाच लागत होता. गवतात गेला नाही. संध्याकाळी ताटल्या वेळेवर थरथरत. तो जेवायला बसायचा, सासूबाईंना चिडवायचा की, आई, तुझ्या ताटल्याच विक, माझ्या चुगल्या करतात. एकदा तो आपणहून थोरल्याबद्दल बोलला, त्याच्या शिट्टीबद्दल, आणि बोलून झाल्यावर पुन्हा भाजी घेतली. सासूबाईंनी वहिनीकडे पाहिलं. त्या रात्री त्यांनी तिला भांडी घासू दिली नाहीत, स्वतः घासली.

वहिनीने ठरवलं होतं, थंडी सरली की बसवू. तेव्हा तो शहाणा झालेला असेल. ठेवून जा, बघते, असं म्हणायचं. तोंडसुद्धा थोरल्यासारखं गंभीर करायचं. आरशात करून पाहिलं, आणि हसू आलं नाही.

*

त्या दिवशी ती कुंपणापाशी हत्यारांची पेटी घेऊन उभी होती, नेहमीसारखी. इतर बघतात, ती ऐकते. गाडी निघाली. पहिला गिअर, दुसरा, तिसरा, आणि तिसऱ्यात तिला कळलं की आवाज वेगळा आहे. जास्त भरलेला. टर्बोची शीळ उंच चढत होती, तिने बसवली होती त्याहून उंच. मग फडफड. त्या फडफडीला तो पाय उचलायला हवा होता.

त्याने उचलला नाही. मग एक कडक टाळी वाजल्यासारखा आवाज आला, आणि त्यानंतर इंजिनाचा आवाजच नाही, फक्त टायरांचा.

इंजिन जागच्या जागी आवळलं, मागची चाकं बांधल्यासारखी झाली, गाडी आडवी झाली. पांढऱ्या आकड्यांवरून ती घसरत गेली आणि पट्टीच्या कडेला लागून उलटली, पुन्हा उलटली, आणि गवतात जाऊन बसली. लोक पळाले. ती पळाली नाही, चालत गेली. पेटी हातातच होती. तिथे पोहोचल्यावर कोणीतरी ती तिच्या हातातून काढून घ्यायला लागलं, आणि निघेना.

तो जिवंत होता.

*

मोडकी गाडी गॅरेजमध्ये आणून टाकली. काका आले, ड्रमवर बसले नाहीत. त्यांनी व्हॉल्व्हचं झाकण स्वतःच्या हातांनी उघडलं. वहिनी दारात उभी होती, पांढऱ्या बाजूला.

आठ स्प्रिंगा. प्रत्येकीच्या पोटात अंधार.

एक तिरकी झालेली, तिच्याखालचा व्हॉल्व्ह डोक्याविना. बाकीचं खाली पिस्टनमध्ये रुतलेलं असणार. काकांनी बोट आत घालून पाहिलं, जणू डोळ्यांवर विश्वास नाही. मग ते वाकून टर्बोच्या बाजूला गेले. तिथे बूस्टचा स्क्रू असतो, आवळला की हवा वाढते. त्यावरचा नट पाना लागून चकाकत होता. स्क्रू बराच आत गेलेला.

तेव्हा तिला सगळं एकदम दिसलं, अगदी साधं. थोरल्याची पोरं भिंतीला लागली की त्यांच्याकडे पाय उचलण्याशिवाय काही नसायचं. याच्याकडे स्क्रू होता. वर जीव नाही, तर हवा वाढव. हवा वाढली की बाहेरून खांदा जास्त, आणि कडी तेवढीच. बूस्ट किती आहे याचा हिशोब तिने केला होता, तो किती होऊ शकतो याचा नाही. तिच्या डोक्यात सगळा वेळ थोरल्याचं इंजिन होतं.

काकांनी फडक्याने बोट पुसलं. बराच वेळ पुसत राहिले.

"थोरल्याची रीत ना ही?"

तिने मान हलवली. त्यांना माहीत होतं, हे तिला आत्ता कळत होतं. कदाचित ती रीत त्यांचीच असेल, थोरल्याने उचललेली.

"थोरल्याकडे टर्बो नव्हता, सूनबाई."

मग त्यांनी झाकण परत ठेवलं, एकेक बोल्ट हाताने बसवला, नंतर पान्याने आवळला, सगळे, जसे चालत्या इंजिनाचे आवळतात. म्हणाले, भंगारवाला माझ्या ओळखीचा आहे, उद्या सकाळी गाडी घेऊन येईल, तो उघडून बघणार नाही. जाताना त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ते तिला शिव्यांहून जड गेलं.

*

हॉस्पिटलमध्ये त्याचा पलंग खिडकीपाशी होता. मांडीचं हाड जुळलं, कमरेचं जुळेल म्हणाले. डाव्या पायाची एक नस मात्र गेली होती. पाऊल घोट्यापासून ओल्या फडक्यासारखं लोंबत राहायचं. काठी घेऊन चालेल. क्लच दाबणार नाही.

सासूबाई रोज येत आणि त्याच्या पायाला तेल लावत. त्या पायात काही यायचं नाही, हे त्यांना सांगितलं होतं. त्या रडल्या होत्या, पण रडणं आटोपल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर एक निवांतपणा आला होता, आणि तो त्यांना लपवता येत नव्हता. एकदा व्हरांड्यात त्यांनी वहिनीचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, झालं ते वाईट झालं, पण आता घरात राहील. वहिनीने हात सोडवून घेतला नाही. तिलाही तेच हवं होतं. तिला जे हवं होतं ते मिळालं होतं.

सासूबाई खाली चहाला गेल्या तेव्हा तो म्हणाला, "वहिनी, इकडे बस. एक सांगायचंय."

ती बसली.

"मी स्क्रू फिरवला. तुला न विचारता. तू म्हणालीस सैल होऊ दे, माझ्याच्याने धीर निघेना." त्याने भिंतीकडे तोंड केलं. "तू इतकं जपून बांधलेलं इंजिन मी फोडलं. दादा असता तर थोबाडीत मारली असती त्याने."

बाहेर कोणाचं तरी स्ट्रेचर खडखडत गेलं. ते पार लांब जाईपर्यंत ती थांबली. तिने सकाळीच ठरवलं होतं, आज सांगायचं. घरून निघताना, वाटेत, जिन्यात, ती ते वाक्य जुळवत आली होती.

"आतल्या स्प्रिंगा," ती म्हणाली.

"माहितेय गं," तो म्हणाला. "त्यासुद्धा गेल्या."

त्याने हात पुढे केला, तिचा शोधत, आणि तिच्या बोटांवरून अंगठा फिरवला, तेलाचे डाग पुसायला फिरवतो तसा. डाग नव्हते. कितीतरी दिवसांत तिने काही उघडलं नव्हतं.

"बोल ना काहीतरी," तो म्हणाला.

ती म्हणाली, "झोप आता." आणि त्याने, खरंच थकलेल्या पोरासारखे, डोळे मिटले.

*

ती लग्न होऊन त्या घरात आली तेव्हा धाकटा आठवीत होता, आणि त्याला सायकल येत नव्हती.